आता गणवीर मॅडम आभार मानतील

आमच्या वॉर्डात कार्यक्रम कसा संपतो ते आधी सांगते, कारण गणवीर मॅडमची सगळी गंमत तिथूनच सुरू होते.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमच्या विहारासमोर मंडप पडला की वक्ते बोलतात, मग अध्यक्ष बोलतात, आणि अध्यक्षांना बोलू दिलं म्हणून माजी अध्यक्षही बोलतात. मंडपामागे मोठ्या गंजात भाजी रटरटत असते. तिचा वास बऱ्याच भाषणांपेक्षा मुद्देसूद असतो. मग सूत्रसंचालक म्हणतो, "आता गणवीर मॅडम आभार मानतील." यापुढचं वाक्य पूर्ण मंडपाने कधीच ऐकलेलं नाही. खुर्च्या सरकतात, आया पोरांना हाका मारतात, मंडपवाला मागच्या रांगेतल्या खुर्च्या एकात एक घालायला लागतो. मॅडम माईकवर उभ्या राहिल्या याचा अर्थ जेवण तयार आहे, हे आमच्या पायांना परस्पर कळतं. कानांपर्यंत काही जावंच लागत नाही.

आणि त्या धावपळीच्या वर, लाऊडस्पीकरमधून, मॅडमचा ठणठणीत आवाज येत राहतो, आमच्याकडच्या बोलीत, जिच्यात बायाही 'सांगतो'च म्हणतात. "मंडपवाले भाऊ, त्यायचे आभार. लाईटवाले भाऊ, त्यायचे आभार. स्वयंपाकाच्या मंडळीचे आभार. अन् जाता जाता एकच गोष्ट सांगतो. रॉकेटचं भाडं उतरलं म्हणून लोक खुश हायत. पण उतरलं ते भाडं का खर्च, हे कोणी विचारून राह्यलं का?"

कोणी विचारून राहत नव्हतं. सगळे ताटं घेऊन राह्यले होते.

इंदू गणवीर आमच्या गल्लीच्या टोकाला राहायच्या. शाळेत त्यांनी वाणिज्य शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाल्या. वडील भरवेलीच्या मँगनीज खाणीत कामाला होते. याच्यापलीकडे त्यांचं चरित्र मी सांगणार नाही, त्यांना ते आवडायचं नाही. "जन्मतारीख सांगून कोणी मोठं होत नाही, हिशेब सांग," असं म्हणायच्या. उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या. सुती साडीखाली खेळाचे बूट. आणि डाव्या मनगटावर दोन घड्याळं. एक आपल्या वेळेचं, दुसरं जगाच्या प्रमाणवेळेचं, कारण रॉकेटच्या उड्डाणांच्या वेळा बहुतेक त्या हिशेबाने जाहीर होतात. रस्त्यात कोणी भोळेपणाने "मॅडम, किती वाजले?" विचारलं की त्या दोन्ही घड्याळांकडे पाहून म्हणायच्या, "कोठचे?"

अंतराळाचं हे वेड त्यांना कुठून लागलं, याच्या वॉर्डात तीन कथा आहेत. मला पटणारी ही. वर्गात मालवाहतुकीचं भाडं शिकवताना एका वांड पोराने विचारलं, "मॅडम, चंद्रावर माल न्यायचा तर किती लागतील?" पोराला वर्ग हसवायचा होता. वर्ग हसलाही. मॅडम हसल्या नाहीत. "उद्या सांगतो," म्हणाल्या. तो उद्या पुढे पुष्कळ वर्षं चालला.

त्यांना रॉकेट कसं उडतं यात फारसा रस नव्हता. इंजिनाचं विचारलं तर हात झटकायच्या: "ते इंजिनियरले विचार." त्यांना रस होता तो पैसा कोणाचा, परवाना कोणाला, नुकसान कोणाचं आणि हिस्सा कोणाचा, यात. दुपारी जेवण झालं की ओसरीवर बसून, काच तडकलेल्या मोबाइलवर जगभरच्या अंतराळ कंपन्यांच्या बातम्या वाचायच्या, सरकारी धोरणाचे मसुदे वाचायच्या, आणि मध्येच ओरडायच्या, "बापा! हे पाहा काय लिहून राह्यले!" समोरून भाजीवाला जात असेल तर त्याला थांबवून सांगायच्या. आमच्या भाजीवाल्याला कोथिंबीर देता देता उपग्रहांच्या विम्याबद्दल जेवढं कळलं आहे तेवढं मला अजूनही कळलेलं नाही.

वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सगळे 'जय भीम' आणि फुलांची चित्रं टाकतात. मॅडम त्यात आपला आवाज टाकायच्या, लांबलचक. "मित्रहो, काल जे उड्डाण झालं त्याच्यावर माझे थोडे विचार." जयंती समितीचे सचिव बोरकर काका ग्रुपचे ॲडमिन. त्यांनी वैतागून एकदा 'फक्त ॲडमिनच लिहू शकतील' असं करून टाकलं. मॅडम संध्याकाळी त्यांच्या दारात हजर. "बोरकर भाऊ, परवाना पद्धत सुरू केली का?" काकांनी मुकाट्याने ग्रुप मोकळा केला.

आता त्यांची इच्छा सांगते. ती सगळ्या वॉर्डाला ठाऊक होती आणि सगळा वॉर्ड तिच्याकडे कानाडोळा करायचा. गणवीर मॅडमना एकदा, फक्त एकदा, जयंतीच्या कार्यक्रमात मुख्य वक्ता व्हायचं होतं. विषयही ठरलेला: 'अंतराळ कोणाचं?' दरवर्षी समितीची बैठक बसली की त्या हात वर करायच्या. दरवर्षी बोरकर काका म्हणायचे, "मॅडम, टॉपिक तो बढिया है. पण समाजाले त्याचा काय फायदा? अन् तुम्ही भाषण दिलं तं आभार कोण मानन? तुमच्यासारखे आभार कोणालेच जमत नाहीत." ही स्तुती होती आणि दार बंद करणंही होतं. मॅडम हात खाली घ्यायच्या, चहा प्यायच्या, आणि म्हणायच्या, "ठीक हाय. होल्डवर ठेवा."

होल्ड हा त्यांचा आवडता शब्द. त्याचीही कथा आहे. एका वर्षी एक मोठं उड्डाण नेमकं कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी होतं. मॅडमनी आभाराच्या वेळेत पडद्यावर ते थेट दाखवायचं ठरवलं. बोरकर काकांना पटवलं, पडदा आणला. उलटी मोजणी सुरू झाली, लोक जेवण सोडून थांबले, पोरं आकडे ओरडायला लागली, आणि आकडे मध्येच थांबले. काहीतरी तपासायचं होतं. मॅडमनी माईकवर समजावलं, "घाबरू नोका. होल्ड हाय. आत्ता सुटन." भात थंड झाला. वरण घट्ट झालं. एक आजी खुर्चीत झोपून गेल्या. शेवटी पडद्यावर सूचना आली की उड्डाण पुढे ढकललं. त्या दिवसापासून मॅडम घराबाहेर पडल्या की गल्लीतला प्रत्येक माणूस विचारायचा, "उडालं का मॅडम?" आणि त्या न चिडता, मान ताठ ठेवून सांगायच्या, "होल्डवर हाय."

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती भांडणातून.

मी पत्रकांवर वाढले. शाळा हिंदी माध्यमाची, गल्लीत हिंदी, बाजारात हिंदी. माझं मराठी आलं ते बाबा नागपूरहून आणायचे त्या पुस्तिकांमधून आणि पत्रकांमधून. त्यामुळे माझ्या मराठीत लहानपणापासून प्रश्नचिन्हं कमी आणि उद्गारचिन्हं फार. मोठी झाल्यावर मीही पत्रकं काढायला लागले. वॉर्डातले नळ कोरडे होते आणि टीव्हीवर चंद्राचा जल्लोष चालू होता, तेव्हा मी एक काढलं. मथळा: 'चंद्र नंतर, नळ आधी!' मला तो फार आवडला होता. अजूनही आवडतो.

पत्रक वाटून घरी येते तर मॅडम आमच्या स्वयंपाकघरात आईशेजारी बसून लसूण सोलत होत्या. पत्रक मांडीवर, त्यावर लसणाची सालं.

"ये वं पत्रकवाली," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून माझं नाव तेच पडलं. "मथळा जोरदार हाय. मजकूर कच्चा हाय."

"कच्चा काहून?" मी उसळले. "नळाला पाणी नाही हे खोटं आहे का?"

"नाही. पाणी नाही हे खरं हाय. मी बी हंडा घेऊन उभी राह्यतो. पण तू लिहिलं, अंतराळ श्रीमंतायचा खेळ हाय, आपल्याले काय करायचं. बापा! असं आपण म्हटलं का श्रीमंत किती खुश! ते म्हणन, पाहा, यायनं सोतःच सोडून दिलं."

"मग काय, टाळ्या वाजवायच्या?"

"टाळ्या कोण म्हणे? हिस्सा माग." लसणाची पाकळी माझ्याकडे रोखून त्या म्हणाल्या, "आपल्या लोकायनं तळ्याचं पाणी मागितलं ते का घरी तहान लागली म्हणून मागितलं? सगळ्यायचं हाय म्हणून मागितलं. वरचं बी तसंच हाय. तहान हाय का नाही, ते नंतर पाहू."

आई लसूण ठेचायची थांबली. मी काहीतरी जोरात बोलायला तोंड उघडलं, आणि पत्रकावरची लसणाची सालं झटकायला लागले. पत्रकवाल्या माणसावर अशी वेळ फार वाईट.

"आमचे बाबा खाणीत होते," त्या पुढे म्हणाल्या, या वेळी आईला. "जमीन कोणाची, खालचं मँगनीज कोणाचं, रॉयल्टी कोणाले, कामगाराले काय, हे मी घरात भाकरीसंगं आयकलं. आता जगात कायदे होऊन राह्यले. म्हणते काय, का चंद्र कोणाच्या मालकीचा नाही, पण तेथून जो खोदून आणन माल त्याचा. काही देशायनं तसा कायदा बी केला. मले वाचून हसू आलं वं बाई. हे तं मले पाठ हाय! बालाघाटच्या माणसाले कोणी खाण शिकवाव?"

मग आम्ही भांडलो, रात्रीच्या भाज्या चिरून होईपर्यंत. मी माझा मथळा बदलला नाही. त्यांनी त्यांचं म्हणणं बदललं नाही. जाताना माझ्या डोक्यावर लसणाच्या वासाचा हात ठेवून म्हणाल्या, "नळ माग. चांगलं मागून राह्यली. पण चंद्र सोडू नोको."

त्यांची तत्त्वं अशी आभाळातली होती, पण ती पाळायच्या मात्र बसमध्ये.

आमच्याकडे बस स्टँडवर लागली की लोक दारातून चढत नाहीत, आधी खिडकीतून रुमाल टाकतात. रुमाल पडला की जागा धरली. माणूस मग आरामात चहा पिऊन येतो. रुमाल नसेल तर टोपी, पिशवी, एकदा तर मी एका सीटवर वांगं ठेवलेलं पाहिलं आहे. आणि त्या वांग्याला सगळ्या बसने मान दिला.

एकदा मी आणि मॅडम एका लग्नाला किरनापूरला निघालो होतो. मी सवयीने रुमाल काढला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"नाही टाकायचा."

"मॅडम, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे हायत, जागा सगळ्यायची हाय."

बसमध्ये चढलो तर सगळ्या सीटांवर रुमाल. एकही माणूस नाही, नुसतं कापड. मी म्हटलं, "मग उचलून बसू या."

"उचलायचा बी नाही. नियम वाईट हाय म्हणून आपण चोरी करायची? नियम बदलेपर्यंत उभं राहायचं. अन् उभं राहून बोलायचं."

आणि त्या बोलायला लागल्या. आधी मला, मग मागच्या दोन बायांना, मग अर्ध्या बसला. "वर बी असंच हाय बरं का. पृथ्वीच्या भोवती उपग्रहाच्या चांगल्या जागा मोजक्या. रेडिओच्या लहरी बी मोजक्या. नियम काय? जो आधी अर्ज करन त्याचं पहिले पाहू. मग काय करते काही जण? उपग्रह बनवाचा पत्ता नाही, अन् अर्ज टाकून ठेवते. कागदावरचा उपग्रह! काय हाय तो? रुमाल हाय!"

बस हसली. पुढच्या सीटचा रुमालवाला चहा पिऊन आला आणि बसताना जरा ओशाळला. मॅडम किरनापूरपर्यंत उभ्या राहिल्या. लग्नात दुखणारे गुडघे चोळत बसल्या आणि मंगलाचरण संपताच वधूच्या मामाने विचारलं, "मॅडम, आभार मानता का?" त्यांनी मानले. लग्नातही जेवणाकडे पळणारे लोक त्यांना सारखेच पाठमोरे दिसले.

आणि मग ती जयंती आली.

त्या वर्षीही बैठकीत मॅडमचा हात वर गेला होता आणि खाली आला होता. मुख्य वक्ते नागपूरहून येणार होते. पत्रक मीच लिहिलं होतं. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: 'आभार: गणवीर मॅडम'. ते छापताना मला राग आला होता, पण समितीचा निर्णय होता.

संध्याकाळी मंडप भरला, अध्यक्ष बोलले, माजी अध्यक्ष बोलले, वक्त्यांचा पत्ता नाही. बोरकर काकांचा फोन वाजला. गोंदियाच्या अलीकडे गाडी बंद पडली होती. काकांचा चेहरा उतरला.

माझे बाबा, जे समितीत असूनही बैठकीत कधी तोंड उघडत नसत, हळूच म्हणाले, "बोरकर, वक्त्या तं समोरच बसल्या हायत."

काकांनी मॅडमकडे पाहिलं. मंडपाकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. "मॅडम," ते हरलेल्या आवाजात म्हणाले, "उडता का?"

गणवीर मॅडम उठल्या. पदर सारखा केला, दोन्ही घड्याळं पाहिली, चष्मा पुसला. इतकी वर्षं वाट पाहिलेला माणूस जसा मुद्दाम हळू चालतो तशा त्या मंचाकडे चालल्या. सूत्रसंचालक गहिवरून हिंदीत सुरू झाला, "और अब, आज की हमारी मुख्य वक्ता..." त्याचं वाक्य संपायच्या आत मॅडम माईकपाशी पोहोचल्या.

आणि सगळा मंडप उठला.

मला वाटलं, मानाने उभे राहिले. मग खुर्च्या सरकल्या. आया पोरांना हाका मारायला लागल्या. मंडपवाल्याने मागच्या खुर्च्या एकात एक घातल्या. मंडपामागे आचाऱ्याने गर्दी येताना पाहिली आणि गंजावरची झाकणं उघडली. वास सुटला. आता तर बुद्धिमान माणसंसुद्धा उठली.

"अरे बैठो! भाषण होना है अभी!" बोरकर काका ओरडत होते. त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? ते दर कार्यक्रमात हेच ओरडतात.

मॅडम माईकपाशी एकट्या उभ्या होत्या. समोर रिकाम्या खुर्च्या आणि लांबवर पाठीच पाठी. मी मंचाच्या कोपऱ्यात होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. मोजणी मध्येच थांबल्यावर पडद्याकडे पाहताना होता, अगदी तसाच. होल्ड.

मग त्यांनी माईक स्टँडमधून उपसला, मंचाच्या पायऱ्या उतरल्या, आणि खेळाच्या बुटांनी टपटपत थेट जेवणाच्या रांगेच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"थांबा! कोणी हलू नोका! जो जेथी हाय तेथीच राहा!"

लाऊडस्पीकर आचाऱ्याच्या डोक्यावरच होता. त्याचा डाव हवेत थांबला. रांग थिजली.

"मुख्य वक्ता मी हाव. विषय हाय, अंतराळ कोणाचं. अन् मले वाटलं होतं, लोकायले कक्षा कशी समजावाव? तुम्ही तं सोतःच कक्षेत लागून गेले!" आवाजात अजिबात राग नव्हता. आनंद होता, निखळ, उकळ्या फुटणारा. "हे पाहा. ही रांग म्हणजे वरची कक्षा. पुढं कोण हाय? जे मागच्या खुर्चीवर, दाराजवळ, पळायले टपून बसले होते ते. मांगं कोण हाय? या आज्या. ज्या पहिल्या रांगेत बसून चार भाषणं आयकत होत्या. नियम काय? पहिला येईन त्याले पहिलं. नियम बरोबर दिसते. पण न्याय दिसते का?"

"नाही!" मागून आज्यांनी एका सुरात उत्तर दिलं.

रांगेच्या अगदी पुढे एक तरुण हातात ताटांचा थर घेऊन उभा होता. मॅडम त्याच्याकडे वळल्या. "बावा, एवढे ताटं कोणाचे?"

"घरच्यांचे, मॅडम."

"घरचे कोठी हायत?"

"येऊन राह्यले."

"कोठून?"

तो ताटं सावरू लागला. रांगेतून कोणीतरी सांगितलं, "घरून निघालेच नाहीत अजून!"

"पाहा!" मॅडम जवळजवळ उडी मारून म्हणाल्या. "हाच तो! कागदावरचा उपग्रह! माणूस घरी हाय, ताट कक्षेत हाय!"

मंडप असा हसला की विहाराच्या पिंपळावरचे बगळे उठले. तो तरुणही हसला आणि ताटं परत ठेवू लागला. "ठेवू नोको, धर," मॅडम म्हणाल्या, "मले अजून लागते." त्यांनी एक स्टीलचं ताट उचललं आणि शेजारची एक पत्रावळ. "ही पत्रावळ म्हणजे जुनं रॉकेट. जेवलं, फेकलं. हे ताट म्हणजे नवीन रॉकेट. जेवलं, धुतलं, पुन्हा जेवलं. सस्तं पडते. चांगली गोष्ट हाय, मी नाही म्हणत नाही. पण मले दोन गोष्टी सांगा. ताट धुते कोण, त्याची मेहनत कोणी हिशेबात धरली? अन् ताट सस्तं पडलं तं जेवणाची वर्गणी तेवढी कमी झाली का? का मधातला फरक कंत्राटदारानं ठेवला?"

भांडी घासायला बसलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशीच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याच.

"अन् हा गंज," त्या भाजीकडे वळल्या, "समजा उलटला. कोणाच्या पायावर पडला. आंतरराष्ट्रीय कायदा काय म्हणते? रॉकेट कंपनीचं असलं तरी दुसऱ्या देशात नुकसान झालं तं भरपाई देशानं द्याची. म्हणजे तुम्ही, मी. जोखीम आपली, तं धोरण ठरवताना आपल्याले विचाराव का नाही?"

"विचाराव!"

"मॅडम," आचारी काकुळतीला आला, "भाजी लागून राह्यली."

"एकच मिनिट. शेवटचं." आवाज जरा खाली आला. "वरची जागा कोणाच्या बापाची नाही. म्हणून ती पहिल्याची बी नाही. आज्यांनो, तुम्हाले काय वाटते, या रांगेचं काय कराव?"

"उलटी करा!" एक आजी काठी उंचावून ओरडल्या. त्याच, ज्या होल्डच्या वेळी झोपल्या होत्या.

आणि रांग उलटी झाली. गंज फिरवता येईना म्हणून माणसं फिरली. पुढचे मागे, मागचे पुढे, मध्ये चेंगराचेंगरी, पोरांचा दंगा, कोणाचा पाय कोणाच्या चपलेवर. सगळे हसत होते, चिडतही होते, आणि आज्या ताटं घेऊन राण्यांसारख्या पुढे येत होत्या. माईकमधून मॅडमचा आवाज येत होता, "येथी रांग फिरते! वर फिरत नाही! वर जो बसला तो बसला! म्हणून आत्ताच बोलाव लागते, उशीर व्हायच्या आत!"

जेवणं रंगात आली असताना नागपूरचे वक्ते घामाघूम होऊन पोहोचले. बोरकर काका एका हातात ताट घेऊन त्यांना सामोरे गेले, मंचाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "सर, बरे आले. आता तुम्ही आभार माना."

बिचाऱ्यांनी मानले. कोणीही उठलं नाही. सगळे जेवत होते.

पुढच्या बैठकीत मॅडमनी हात वर केला नाही. काकांनीच विचारलं, "मॅडम, यंदा कोणता टॉपिक?" मॅडम म्हणाल्या, "अंतराळातला कचरा. पण आभार बी मीच मानीन. तो माझा परवाना हाय." ती जयंती मात्र आमच्या वाट्याला आली नाही. त्याआधीच त्यांच्या मुलीने त्यांना रायपूरला राहायला नेलं. आता त्यांचा आवाज ग्रुपवर येतो, लांबलचक, आणि बोरकर काका तो पूर्ण ऐकतात. मला ठाऊक आहे, कारण ते स्पीकरवर लावतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते रायपूरला जायच्या थोडं आधी, बसस्टँडवर. रांगेची बातमी तोवर लांजीपर्यंत गेली होती आणि तिथल्या मंडळाने त्यांना बोलावलं होतं. मुख्य वक्त्या म्हणून, पत्रकावर मोठ्या अक्षरात. मी पोहोचवायला गेले होते. गुडघे सुजलेले होते. मी न विचारता खिशातून रुमाल काढला. त्यांनी नुसतं पाहिलं. मी रुमाल परत ठेवला.

बस भरलेली. त्या चढल्या, दांडा धरला आणि उभ्या राहिल्या. सुटायला वेळ होता. खिडकीतून मला दिसलं, त्यांनी शेजारच्या बाईला काहीतरी सांगायला सुरुवात केली. मग त्या बाईच्या मागच्याला. मग मनगटावरची घड्याळं दाखवली, कोणीतरी वेळ विचारली असावी. मग मोकळा हात छताकडे गेला, आणि एकेक करून बसमधली डोकी त्यांच्याकडे वळली. कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायची थांबला.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. पुढच्या सीटवरचा एक तरुण त्यांच्या गुडघ्यांकडे पाहून, लाजत, जागा द्यायला उठला.

मॅडमनी बोलता बोलताच त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली दाबला. बस हलली तरी तो ठणठणीत आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"बस बावा, बस. उठू नोको. आत्ताच तं सुरू झालं."